अनाथ बालके आणि आपला दानधर्म
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या मंदिराच्या पायाचा दगड बसला त्यास पन्नास वर्षे पूर्ण झाली. या मंगल प्रसंगी जमणाऱ्या निधीचा दहावा हिस्सा हैती देशातील अनाथ बालकांस अर्पण करण्याचे महोत्सव समितीने योजिले आहे, आणि त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आहे. तेथील एखाद्या अनाथाश्रमास एक दालन बांधून द्यावे व त्याच्या दारावर आपल्या धर्मग्रामाचे नाव कोरावे, अशी एक सूचनाही पुढे आली आहे. सूचना प्रेमाची आहे यात शंका नाही. तथापि तिचा विचार करीत असता जे आम्हांस आढळले, ते आपणांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

हैती हा कॅरिबियन समुद्रातील एका बेटाचा पश्चिमेकडील भाग. आफ्रिकेतून धरून आणिलेल्या गुलामांनी तेथे बंड करून १८०४ साली स्वातंत्र्य मिळविले. पुढे १८२५ साली फ्रान्सच्या राजाने ते स्वातंत्र्य मान्य करण्याबद्दल पंधरा कोटी फ्रँकची भरपाई मागितली. १८३८ साली ती रक्कम नऊ कोटींवर आली खरी. परंतु तिच्यापायी काढलेल्या कर्जाचा अखेरचा हप्ता १९४७ साली फिटला. गुलामांच्या वंशजांनी आपल्या मुक्ततेची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून भरली! म्हणून त्या देशाच्या दारिद्र्यास त्याच्या आळसाचे फळ म्हणण्याचे पाप आपण करू नये.

अशा देशावर १२ जानेवारी २०१० रोजी भूकंप कोसळला. एक लाखाहून अधिक माणसे मेली. राजधानी पोर्तोप्रँस येथील महामंदिर ढासळले आणि तेथील महाधर्माध्यक्षही मृत्यू पावले. १४ ऑगस्ट २०२१ रोजी देशाचा नैर्ऋत्य भाग पुन्हा हादरला. त्यानंतर सशस्त्र टोळ्यांनी राजधानीचा मोठा भाग बळकाविला, आणि २०२५ च्या आरंभी घरादारास मुकलेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक बालके होती.

हे ऐकून कोणाचे हृदय द्रवणार नाही? भूकंपानंतर जगभरातून द्रव्याचा ओघ तिकडे वाहिला आणि अनाथाश्रमांची संख्या वाढत गेली. काही वर्षांपूर्वीच्या गणनेत सातशेंहून अधिक आश्रम व त्यांत सुमारे तीस हजार मुले आढळली. परंतु बंधुभगिनींनो, त्या मुलांपैकी दहांतील सुमारे आठांची आई किंवा बाप हयात होता! मग ती आश्रमात का गेली? कारण तेथील बहुतेक शाळा खासगी असून त्यांस फी लागते. ती फी देण्याचे सामर्थ्य नाही, चुलीवर शिजविण्यास काही नाही, आणि आश्रमात जेवण व शिक्षण दोन्ही मिळतात असे ऐकिवात आलेले. मग आई डोळे पुसते आणि लेकरू परक्याच्या हाती देते. त्याच जानेवारीच्या अखेरीस एका परदेशी मंडळीस तेहतीस मुले सरहद्दीपार नेत असता अधिकाऱ्यांनी अडविले. त्यांस अनाथ म्हणून नेले जात होते. चौकशीअंती बहुतेकांचे आईबाप जिवंत असल्याचे निष्पन्न झाले. सद्‌हेतू असला तरी अविचाराने केलेले दान कसे आईपासून लेकरू तोडू शकते, याचे हे उदाहरण होय.

आम्ही आश्रमांची निंदा करीत आहो असे कोणी समजू नये. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात आपल्या देशातही मिशनांच्या अनाथाश्रमांनी मरणाच्या दारातून मुले उचलिली. ज्यास या जगात कोणीच उरले नाही, त्यास आसरा दिलाच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, जिची आई जिवंत आहे त्या मुलीस प्रथम आईची गरज आहे आणि त्या आईस आपली.

पवित्र शास्त्र यास साक्ष आहे. नदीच्या लव्हाळ्यांत सापडलेल्या बाळ मोशेस फारोच्या कन्येने कोणाच्या हाती दिले? नकळत त्याच्याच जन्मदात्या आईच्या; आणि त्याच्या संगोपनाबद्दल तिला वेतनही दिले! मातेचे दारिद्र्य व भय ओळखून, मूल तिच्याच मांडीवर वाढेल अशी तजवीज राजकन्येच्या हातून देवाने करविली. संत याकोबानेही आपल्या पत्रात अनाथ व विधवा या दोघांची नावे जोडीने घेतली आहेत.

हाच मार्ग आपल्या काळात डॉ. झिल्दा आर्न्स या बालवैद्य बाईंनी चोखाळिला. त्या ब्राझीलच्या, विधवा आणि लेकुरवाळ्या. त्यांनी १९८३ साली त्या देशाच्या ख्रिस्तसभेच्या आश्रयाने बालसेवेचे कार्य आरंभिले. त्यांनी मोठ्या इमारती उभारिल्या नाहीत. वस्तीतल्याच साध्या स्त्रियांस शिकवून तयार केले. या स्त्रिया दरमहा घरोघर जात, बाळाचे वजन घेत, जुलाब झाल्यास पाण्यात मीठसाखर किती घालावी ते आईस दाखवीत. त्या लहानशा कृतीने असंख्य बालके वाचली. हेच कार्य हैतीत रुजविण्याकरिता झिल्दाबाई तेथे गेल्या आणि १२ जानेवारी २०१० रोजी पोर्तोप्रँस येथे एका चर्चच्या इमारतीत धर्मसेवकांपुढे त्यांनी व्याख्यान दिले. व्याख्यान संपते न संपते तोच धरणी हादरली, आणि त्या ढिगाऱ्यातच त्यांचा अंत झाला. वय पंचाहत्तर वर्षांचे. यापेक्षा मोठे दान ते कोणते?

तेव्हा आमची नम्र विनंती अशी. आपला निधी भिंतींकरिता न देता कुटुंबांकरिता द्यावा. तेथील ख्रिस्तसभेची कारितास संस्था आहे. तिच्याद्वारे मुलांची फी, विधवेस बी-बियाणे वा लहानसा धंदा, नातवंडे सांभाळणाऱ्या आजीस धान्य, अशा रूपाने तो पोहोचवावा. ज्यास कोणीच नाही, त्यास नात्यातले वा शेजारचे घर मिळावे म्हणून साह्य करावे. देण्यापूर्वी विचारावे, या मुलाचे कोण आहे? आणि एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्यापेक्षा, दरमहा थोडे परंतु नेमाने द्यावे. कारण भूक सुवर्णमहोत्सव पाहून येत नाही.

दारावर नाव कोरले जाणार नाही, याची खंत कोणास वाटेल काय? त्यांस आम्ही आपल्या घरचेच उदाहरण देतो. आपल्या या मंदिरात गेली पन्नास वर्षे बाप्तिस्मे झाले. प्रत्येक वेळी धर्ममातेने बालकास हाती धरिले, त्याच्यावतीने वचन दिले, आणि विधी आटोपताच ते पुन्हा त्याच्या आईच्या ओटीत घातले. त्यास ती आपल्या घरी घेऊन गेली नाही. परंतु जन्मभर त्याची वास्तपुस्त करीत राहिली. हैतीतही धर्ममाता व धर्मपिता यांचे नाते असेच जिव्हाळ्याचे मानितात. आपला धर्मग्राम त्या दूरच्या बालकांची धर्ममाता होवो. मूल आईच्या ओटीत, आणि आपला हात आईच्या पाठीशी!

ज्या प्रभूने बालकांस आपणाकडे येऊ देण्यास सांगितले, तो आपल्या या दानास योग्य वाट दाखवो, हीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.