काय दिले ते सांगतात, काय काढले ते विचारा



संकरित ज्वारी आली तेव्हा कणीस भरले, पण ताट खुजे झाले, कडबा घटला. म्हणून रब्बीत आपण मालदांडी सोडली नाही. एक गुण घ्यायचा तर दुसरा सोडावा लागतो. फोनचेही तसेच आहे.

२००३ साली नोकिया ११०० आला. कॅमेरा नाही, रंगीत पडदा नाही. पण बटणांत धूळ शिरत नव्हती, हातातून निसटत नव्हता, रात्री पाण्याच्या पाळीला जाताना टॉर्चही होता. जगात असे २५ कोटी फोन खपले. नुसता स्वस्त म्हणून नव्हे. काय सोडायचे हे वापरणाऱ्याकडे पाहून ठरवले होते म्हणून.

आजचा स्मार्टफोन पातळ हवा, पाणी शिरायला नको, म्हणून पाठ चिकटवून बंद करतात. त्यात हाताने बदलायची बॅटरी गेली. आपल्याला २०२१ पासून ई-पीक पाहणी फोनवर करायची आहे. बांधावर फोन मेला तर नोंद राहिली, नोंद राहिली तर पुढे भरपाईला अडचण. मग हा सौदा कोणाच्या सोयीचा?

आम्ही कोणत्याही फोनवर बंदी मागत नाही. आम्हाला निवड हवी. थोडा जाड चालेल, पण टिकाऊ हवा. बियाणे घेताना आपण दहा प्रश्न विचारतो. फोन घेताना निदान एक विचारा : बॅटरी गेली तर कोण बदलणार, आणि किती रुपयांत?