संस्थेची रीत हीच तिची पत

(एका सेवानिवृत्त कारखाना-व्यवस्थापकाने पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



कारखानदारीच्या क्षेत्रात मी जवळजवळ चाळीस वर्षे काढली. त्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगावयाचे, तर संस्था नियमावलीपेक्षा रीतीवर अधिक चालते. वरिष्ठ समोर नसताना माणसे जशी वागतात, ती त्या संस्थेची खरी रीत होय.

ही रीत कशी घडते, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर, त्यांनी कारखाना व वसाहत उभारली. त्या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यावर जगाचा विश्वास नव्हता, त्यांच्याच हाती कारखान्याची राखण दिली. विश्वास प्रथम वरून खाली द्यावा लागतो, तेव्हाच तो खालून वर परत येतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा जमशेदपूरचा. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस सुरू झाला. भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये आला. त्याचा देशव्यापी कायदा १९५२ चा. प्रसूतीच्या सवलती १९२८ मध्ये मिळू लागल्या. त्यासंबंधीचा देशव्यापी कायदा १९६१ चा. कायद्याने भाग पाडण्यापूर्वीच योग्य ते करण्यात संस्थेचे मोठेपण असते. परंतु याच कारखान्यात १९२० व १९२८ मध्ये संपही झाले, हे विसरता कामा नये. सोयी दिल्या म्हणजे कामगारांचे म्हणणे ऐकण्याची जबाबदारी संपत नाही. १९५६ मध्ये व्यवस्थापन व कामगार संघटना यांच्यात करार होऊन संयुक्त सल्लामसलतीची पद्धत सुरू झाली, ती या जाणिवेतूनच.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. वाईट बातमी वरपर्यंत पोहोचली पाहिजे. मी पाहिलेल्या एका कारखान्यात यंत्रातील बिघाड कळविणाऱ्यालाच प्रथम जाब विचारीत. परिणामी बिघाडाच्या नोंदी थांबल्या. बिघाड मात्र थांबले नाहीत. नोंदवहीतील कोरे पान पाहून अधिकारी समाधान मानीत राहिले आणि अखेर मुख्य यंत्रच ऐन हंगामात बंद पडले.

हिशेबातही हेच घडते. सत्यम कॉम्प्युटर्स या हैदराबादच्या कंपनीला उत्तम कारभाराबद्दल २००८ मध्ये पारितोषिक मिळाले होते. त्यानंतर काही महिन्यांतच, ७ जानेवारी २००९ रोजी, तिच्या अध्यक्षांनी हजारो कोटी रुपयांचे आकडे खोटे असल्याची लेखी कबुली दिली. आरंभी तफावत लहान होती, ती वर्षानुवर्षे वाढत गेली, असे त्यांनीच लिहिले. लहान तफावत उघडपणे सांगण्याची रीत असती, तर हजारो कर्मचाऱ्यांवर व भागधारकांवर तो प्रसंग ओढवला नसता. भिंतीवरचे मानपत्र म्हणजे कारभाराची हमी नव्हे.

आता आपण म्हणाल, की या गोष्टींचा ग्रामपंचायतीशी किंवा शाळेशी काय संबंध? संबंध निकटचा आहे. पाणीपुरवठ्याच्या नळाला गळती लागल्याचे शिपायाने सांगितले, तर आपण त्याचे आभार मानतो की त्याच्यावर रागावतो? ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याला विरोधक समजतो की सहकारी? गणित समजले नाही, असे विद्यार्थी वर्गात निर्भयपणे म्हणू शकतो काय? या प्रश्नांच्या उत्तरांतच आपल्या संस्थेचे भवितव्य दडलेले असते.

माझी आपणांस एवढीच विनंती आहे. महिन्याच्या बैठकीत पहिला विषय काय साधले हा न ठेवता, काय अडले हा ठेवावा. अडचण सांगणाऱ्याचे नाव आदराने घ्यावे आणि पुढील बैठकीत त्या अडचणीचे काय झाले, हे सर्वांसमक्ष सांगावे. याला खर्च पडत नाही, मंजुरीही लागत नाही. मात्र ही रीत एकदा रुजली, की अधिकारी बदलले, सदस्य बदलले, तरी संस्थेची पत टिकून राहते.