दोन पतंग, दोन व्यवस्था



रेशीम म्हटले की तुतीच्या पाल्यावर पोसलेला एकच किडा डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः महाराष्ट्रात रेशमासाठी प्रामुख्याने दोन पतंगांचे संगोपन होते : एक तुतीचा, दुसरा टसरचा. दोहोंचा स्वभाव भिन्न असल्याने त्यांच्यासाठी करावयाची व्यवस्थाही भिन्न असावी लागते.

तुतीचा पतंग लहान, पांढुरका व जड अंगाचा असतो. हजारो वर्षांच्या संगोपनामुळे त्याची उडण्याची शक्ती लोपली आहे. त्याच्या अळीला पाला जागेवर आणून द्यावा लागतो. सुमारे चार आठवड्यांत चार वेळा कात टाकून ती चंद्रिकेवर कोष विणते.

टसरचा पतंग मात्र रानचाच राहिला. पंख पसरले असता तो सुमारे १५ सेंटिमीटर रुंद भरतो आणि चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक पारदर्शक ठिपका दिसतो. त्याची हिरवी अळी प्रामुख्याने ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढते आणि फांदीला बळकट देठाने टांगलेला कठीण कोष विणते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील ढिवर कुटुंबे पक्षी व मुंग्यांपासून या अळ्यांची रानात राहून राखण करतात.

एका बाबतीत मात्र दोघे सारखे आहेत. कोशातून बाहेर पडलेला पतंग काहीही खात नाही. अंडी घालून थोड्याच दिवसांत तो मरतो. अर्थात रेशमाचा प्रत्येक धागा अळीने खाल्लेल्या पाल्यातूनच येतो. तुतीचा पाला शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात असतो. टसरचा पाला जंगलात असतो. ऐनाची झाडे तुटली, तर अंडीपुंज कितीही उत्तम असले तरी टसरचे पीक हाती येणार नाही.

वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये टसर व कोश यांचा गौण वनोपजात स्पष्ट उल्लेख आहे. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही त्याच कायद्याने मान्य केला आहे. यास्तव ग्रामसभांनी वनव्यवस्थापनाचा आराखडा करताना ऐन-अर्जुनाची झाडे प्रथम मोजावीत व राखावीत. शिक्षकांनी दोन्ही कोश वर्गात शेजारी शेजारी ठेवून दाखवावेत. टसर कोशाचा देठ पाहिला, म्हणजे त्याचे झाडाशी असलेले नाते मुलांना निराळे सांगावे लागणार नाही.