बडोद्याहून निघालेली वीणा

हजरत इनायत खाँ यांचं नाव युरोपात सूफी म्हणून घेतलं जातं. मला मात्र ते आधी आठवतात ते बडोद्याचे गवई म्हणून.

जन्म १८८२चा, बडोद्यातच. आजोबा मौलाबक्ष सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते आणि दरबाराची गायनशाळा सांभाळत होते. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीत त्या घरात नांदत होतं. पुढे हैदराबादेत इनायत खाँना चिश्ती सूफी परंपरेतले मुर्शिद, म्हणजे गुरू लाभले, अबू हाशिम मदनी. सप्टेंबर १९१०मध्ये वीणा घेऊन, घरच्या गवयांसह, त्यांनी मुंबई सोडली.

निजामानं ज्यांचा गौरव केला होता, त्यांना अमेरिकेत पोटासाठी रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या कार्यक्रमांना साथ करावी लागली. समोरच्यांना रागदारीची ओळखच नव्हती. हे वाचताना माझ्या पोटात आजही तुटतं.

लग्न लंडनमध्ये, अमेरिकन मुलीशी. थोरली मुलगी नूर जन्मली मॉस्कोत, १९१४च्या पहिल्या दिवशी. मग युद्धकाळात पुन्हा लंडन, आणि शेवटी पॅरिसजवळ स्युरेन इथे घर, नाव फजल मंजिल.

त्यांच्या प्रार्थनासभेत प्रत्येक धर्मासाठी एक मेणबत्ती लावत आणि सगळ्या धर्मग्रंथांतले उतारे वाचत. कुणाला धर्म बदलायला सांगायचं नाही, ही त्यांची रीत. ही शिकवण त्यांना सुरातून मिळाली, असं मला मनापासून वाटतं. वेगवेगळ्या तारा जुळवायच्या, पण एकीचाही सूर दाबायचा नाही, हे ज्याचे हात रोज करतात, त्याला ते कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि तरी वीणा त्यांनी खाली ठेवली. वाद्यांऐवजी माणसं सुरात लावायची, असं स्वतःच ठरवून. १९२६मध्ये ते भारतात परतले आणि पुढच्याच फेब्रुवारीत दिल्लीत वारले. निजामुद्दीन वस्तीत त्यांचा दर्गा आहे.

त्यांची पुस्तकं जगभर वाचली जातात. पण देश सोडण्यापूर्वी, १९०९ साली, कलकत्त्यात त्यांनी ग्रामोफोनसाठी गाऊन ठेवलं होतं. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं. आधी नुसती खरखर येते. मग तिच्यातून सत्तावीस वर्षांचा गळा वर येतो, कोवळा आणि भरधाव. गाणं रंगात येतं न येतं, तोच तबकडी संपते.