समुद्राचा पाणवठा

आपल्या नदीकाठच्या गावांत पाणवठ्याची एक रीत असते. वरच्या अंगाला प्यायचे पाणी भरायचे, त्याच्या खाली धुणी धुवायची, आणि त्याहून खाली गुरे धुवायची. ही रीत कुणी कागदावर लिहिलेली नसते. पण एखाद्याने वरच्या अंगाला म्हैस घातली, तर सारा गाव त्याला बोलतो. समुद्राची अडचण अशी, की त्याला वरचे अंग नाही आणि खालचेही नाही. शिवाय किनाऱ्यापासून दूर गेले की तो कुणा एका देशाचा राहत नाही. मग तिथे घाण करणाऱ्याला बोलायचे कुणी? आज याच प्रश्नाचा आपण थोडा विचार करू या.

देशोदेशी जाणाऱ्या मालापैकी शेकडा ८० हून अधिक माल जहाजांनी जातो. आपल्या पंपातले डिझेल ज्या कच्च्या तेलापासून होते, ते बहुतेक बोटीनेच येते. तेव्हा बोटीच नकोत, असे म्हणून चालायचे नाही. त्यांना वळण कसे लावायचे, एवढाच प्रश्न.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. तारीख १८ मार्च १९६७. ‘टॉरी कॅन्यन’ नावाची प्रचंड तेलबोट कुवेतहून सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल घेऊन ब्रिटनला चालली होती. भरतीची वेळ साधली नाही तर बंदराबाहेर कित्येक दिवस खोळंबा होणार, म्हणून कप्तानाने जवळची वाट धरली, आणि कॉर्नवॉलच्या समुद्रात बोट खडकावर चढली. तेल वाहू लागले. कॉर्नवॉलचा किनारा काळा झाला, पलीकडे फ्रान्सचाही झाला. पंख चिकटून हजारो पक्षी मेले. सरकारने विमानांतून बॉम्ब टाकून तेल जाळून पाहिले. किनाऱ्यावर साबणासारखे रसायन हजारो टन ओतले. पुढे तपासात दिसले, की खडकांवरच्या शंखशिंपल्यांना तेलापेक्षा त्या रसायनानेच अधिक मारले. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात, ते हे असे!

पण खरी पंचाईत पुढेच होती. ही बोट कुणाची? कप्तान इटलीचा, निशाण लायबेरियाचे, मालक कंपनी बर्म्युडातली, भाड्याने घेणारी कंपनी ब्रिटनची. पाणवठ्यात शिरलेल्या म्हशीचे चार धनी निघावेत, आणि दंड भरायला एकही पुढे येऊ नये, तसा प्रकार. शेवटी त्याच मालकाची दुसरी बोट सिंगापूरच्या बंदरात अडवली, तेव्हा कुठे भरपाईची बोलणी मार्गी लागली.

या हकीकतीतच उत्तर आहे, बरं का. जहाज समुद्रात कुठेही फिरो, कधी ना कधी त्याला बंदराला लागावेच लागते. तिथे त्याला धरता येते.

लंडनमध्ये संयुक्त राष्ट्रांची जहाजवाहतुकीची संस्था आहे. तिथे १९७३ साली देशांनी एक करार केला. ‘मार्पोल’ हे त्याचे नाव. १९८३ पासून तो अमलात आला. भारतही त्यात आहे. इंजिनखोलीतले तेलकट पाणी यंत्रातून गाळल्याशिवाय समुद्रात सोडायचे नाही. दहा लाख भागांत फार तर १५ भाग तेल चालेल. प्रत्येक वेळची नोंद वहीत करायची. प्लास्टिक तर समुद्रात मुळीच टाकायचे नाही. १९८९ साली अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ बोट फुटल्यावर नव्या तेलबोटींना दुहेरी तळ आणि दुहेरी बाजू आल्या. आणि निशाण कुठल्याही देशाचे असो, बंदरातला अधिकारी वही तपासू शकतो, दोष आढळल्यास जहाज अडकवून ठेवू शकतो.

याचा उपयोग झाला का? झाला. १९७० च्या दशकात तेलबोटींतून ७०० टनांहून अधिक तेल सांडण्याचे अपघात वर्षाला सरासरी २४-२५ होत. २०१० च्या दशकात ते वर्षाला दोनहूनही कमी झाले.

म्हणून सारे आलबेल आहे असे मात्र समजू नका. लोणी कढवले की तळाशी बेरी राहते ना? कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तशीच काळी, दाट बेरी उरते. आपली बेरी मुले आवडीने खातात. ही बेरी तापवून पातळ करून जहाजे वर्षानुवर्षे जाळीत आली. तिच्यातला गंधक धुरातून बंदरांजवळच्या माणसांच्या फुप्फुसांत जातो. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा शेकडा साडेतीनवरून अर्ध्यावर आणली. पण पळवाटही राहिली. धूर पाण्याने धुणारे यंत्र बसवले, तर जुने इंधन जाळता येते. आणि अशी बरीच यंत्रे ते घाण पाणी समुद्रातच सोडतात. घरातला केर काढून अंगणात लोटावा, तसे हे. काही बंदरांनी त्यालाही बंदी केली आहे. हवा तापवणाऱ्या वायूंतही जहाजांचा वाटा शेकडा तीनच्या जवळपास आहे. २०५० च्या सुमारास तो शून्यावर आणायचे २०२३ साली ठरले. पण त्यासाठीच्या नियमांवरचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये एक वर्ष पुढे ढकलला गेला.

हे सारे दूरचे वाटते का? ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशीच ‘एम.एस.सी. चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या बोटींची टक्कर झाली. त्या तेलबोटी नव्हत्या. तरी चित्रातून सुमारे ८०० टन इंधन सांडले. ते कांदळवनांच्या मुळांशी जाऊन बसले. मासळी खावी की नाही, या भीतीने गिऱ्हाईक बाजाराकडे फिरकेना. कोळीणबाईची पाटी भरलेली राहिली, आणि अपराध तिचा कणभरही नव्हता.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात एका परातीत पाणी घ्या, त्यात चमचाभर जुने वंगणतेल सोडा, आणि कोंबडीचे एक पीस त्यावर ठेवा. मग ते पीस साध्या पाण्याने धुवायला मुलांना सांगा. ते धुऊन निघत नाही, हे मुलांना आपोआप दिसेल. नंतर परातीतले ते पाणी कुठे ओतायचे, हे मुलांनाच विचारा. अंगणात? ओढ्यात? शेतात? त्यांना लवकर उत्तर सापडणार नाही. जहाजाच्या कप्तानापुढेही रोज हाच प्रश्न असतो, एवढे त्यांना सांगा.