टेलच्या गावाची गोष्ट



इंदापूर तालुका संपतो तिथं नीरा वाहते आणि पलीकडं सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज लागतं. विनोदी कथाकार द. मा. मिरासदारांचा जन्म 1927 साली तिथला. त्यांच्या कथांमधली भोकरवाडी नकाशावर सापडायची नाही. पण नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही मंडळी आपल्याकडं कुठल्याही पारावर आजही भेटतात.

मिरासदारांच्या विनोदापेक्षा 'सामना' जास्त धारदार. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. दिग्दर्शक जब्बार पटेल आपल्या शेजारच्या दौंडला डॉक्टरी करायचे. निळू फुल्यांनी उभा केलेला साखरसम्राट हिंदूराव कर्तबगार आहे, रुबाबदार आहे. आणि त्याच्याच राज्यात मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा झालाय. वैभव खरं आणि गुन्हाही खरा. दोन्ही एकाच माणसात दाखवायचं धाडस या कथेत आहे, म्हणून मी तिला फार मोठी मानतो.

अशा कथांचा कच्चा माल आपल्या बारामती-इंदापूर भागातच आहे. इथली खरी सीमा बागायत आणि जिरायत यांच्यामधून जाते. नीरा डावा कालवा 19व्या शतकाच्या अखेरीचा. त्याच्या पाण्यावर ऊस आला. पुढं माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे कारखाने उभे राहिले, आणि कारखान्यांमागोमाग राजकारण. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी मात्र पाण्याच्या पाळीची वाट बघतो. रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जावं, तर वरच्यांनी पाणी आधीच वळवलेलं; चारी कोरडी ठाक. उसाला तुरे येतात, तोडीची चिठ्ठी येत नाही. आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवालाचं पान उलटायच्या आत पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' सुरू होतं. मागं प्रश्न घेऊन उभा राहिलेला सभासद हात वर करून तसाच उभा. यात हसू आहे, आणि पोटात कालवाकालव करणारं दुःखही आहे.

हे हसू आणि दुःख 'सामना'सारखं लिहायला नुसता पुढाऱ्यावरचा राग पुरत नाही. पाळी, चारी, वजनकाटा, पॅनेलची जुळवाजुळव हे सगळं आतून माहीत असावं लागतं. बारामती-इंदापूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या, घरी ऊस असलेल्या मुलामुलींना ते माहीत आहे. त्यांना माझी विनंती: त्या सभेत तुमच्या वडिलांना काय विचारायचं होतं, ते त्यांना विचारा आणि लिहून काढा.