लिव्हरवरची गाठ आली कुठून?

(प्रभागसंघाच्या सभेत झालेलं आरोग्यविषयक भाषण)



"आमची सासू कधी दारूला शिवली नाही, मग तिला लिव्हरचा कॅन्सर कसा झाला?" हा प्रश्न आपल्याकडं बाया विचारतात. विचारणाऱ्या ताईचं बरोबर आहे. लिव्हर म्हणजे यकृत. त्याचा कॅन्सर दोन तऱ्हेचा असतो. एक यकृतातच सुरू होतो. दुसरा स्तन, मोठं आतडं, जठर, स्वादुपिंड, फुफ्फुस अशा दुसऱ्या जागी सुरू होऊन यकृतात पसरतो. या दुसऱ्याचा दारूशी संबंध असेलच असं नाही. म्हणून कुणी बाईला बोल लावू नये.

यकृतातच का पसरतो? आतड्यांतलं रक्त हृदयाकडं जाण्याआधी यकृतातून जातं. गाठीतून सुटलेल्या पेशी त्या रक्तासोबत येतात, तिथं थांबतात अन् वाढतात. स्तनातल्या पेशीही रक्तातूनच पोचतात.

आता वावरातलं पाहा. सोयाबीनच्या तासात तुरीचा दाणा पडला तर उगवते तूरच. तसंच स्तनाचा कॅन्सर यकृतात गेला तरी तो स्तनाचाच राहतो. औषधही बहुतेक मूळ जागा पाहूनच ठरतं. म्हणून डॉक्टर सोनोग्राफी, सीटी स्कॅन करतात, गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" या बोलण्यावर जाऊ नका. तुकडा तपासल्याशिवाय नेमकं औषध ठरवणं अवघड असतं.

आधी स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर होऊन गेला असेल, तर दहा वर्षं झाली तरी डॉक्टरांना सांगा. जुनी फाईल पेटीत जपून ठेवा.

सुरुवातीला त्रास जाणवतच नाही. पुढं भूक मरते, वजन उतरतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, पोट फुगतं, डोळे पिवळे होतात. डोळे पिवळे दिसले की आपण कावीळ उतरवायला जातो. त्यात महिना जातो. आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा.

त्याहून आधीची खूण ओळखली तर फार बरं. स्तनात गाठ, बोंडातून रक्त, शौचातून रक्त, शौचाची सवय बदलणं. शौचातून रक्त गेलं की "मूळव्याध असेल" म्हणून गप्प बसू नका. गाठ दुखत नाही म्हणूनही थांबू नका. तीस वर्षांवरच्या बायांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. आशाताईला विचारा.

पसरलेला कॅन्सर पूर्ण बरा होणं बहुतेक वेळा अवघड असतं, हे लपवत नाही. पण आतड्याचा कॅन्सर यकृतात थोड्याच जागी असेल, तर काहींना ऑपरेशनचा उपयोग होतो. बाकीच्यांना औषधानं दिवस वाढवून मिळतात, दुखणं कमी होतं. रोग शिवल्यानं लागत नाही. तिचं ताट वेगळं काढू नका.

उपचारासाठी वाशिमहून अकोला, नागपूर गाठावं लागतं. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राला भेटा. त्याला विचारल्याशिवाय वावर गहाण टाकू नका. गटाचं कर्ज जाण्यायेण्याला, राहण्याला कामी येईल.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एकमेकींना एवढंच विचारा, "तपासणी केली का?" जिची राहिली असेल, तिच्यासोबत एकीनं जावं.